गिरिपुष्पाच्या फांद्या जाळू नका

मा. संपादक साहेब,

आमच्या खटाव भागात रस्त्याच्या कामात बांधावरची गिरिपुष्पाची झाडं तोडली आणि फांद्या तिथंच पेटवल्या, बघून फार वाईट वाटलं. अहो प्रत्येक फांदी म्हणजे एक नवीन झाड आहे! मनगटाएवढी जाड, ३-४ फुटांची पक्की फांदी खालून तिरकी छाटून पहिल्या पावसात हातभर खोल रोवली की काही आठवड्यात फुटते, रोपवाटिकेत जायची पण गरज नाही. बियांपासूनही येतं, आणि त्या झाडाचं मूळ खोल जातं म्हणून कोरडवाहू रानात मी तर बीच लावतो.

मूळचं हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं, कोकोच्या झाडांना सावली म्हणून तिकडं लावतात. आपल्याकडं काही जण उंदीरमारी म्हणतात, कारण बिया आणि साल उंदरांना विषारी. कडधान्याच्या कुळातलं असल्यामुळं मुळावरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, कोवळा पाला मातीत गाडला की लवकर कुजतो, युरियाचा खर्च वाचतो. शेळ्या सुकवलेला पाला खातात (सुरुवातीला वासामुळं तोंड फिरवतात, हळूहळू सवय लागते), पण घोड्याला अजिबात घालू नका, विषबाधा होते. उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गळून गुलाबी फुलं येतात तेव्हा मधमाश्यांची नुसती गर्दी असते.

माझी विनंती एवढीच की झाडं तोडायची असतील तर मे-जूनमधे तोडा आणि आधी ग्रामपंचायतीत सांगा, आम्ही ट्रॉली घेऊन फांद्या न्यायला येतो.

एक शेतकरी, ता. खटाव, जि. सातारा