दाराबाहेरची दहा मिनिटं

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तू गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. फोनवर आपण दोघंही जेवलीस का, झोपलात का एवढंच बोलतो आणि ठेवून देतो. समोर मला जमत नाही, म्हणून लिहायला बसलोय. आईबद्दल यात काही लिहिणार नाही. ती बरी आहे. मला तुझ्या शिक्षणाबद्दल, त्या म्हाताऱ्या माणसांसाठीच्या कामाच्या शिक्षणाबद्दल, लिहायचंय.

काल दादाने सांगितलं की तू एक वर्ष गॅप घेऊन घरी यायचं म्हणतेयस, आणि सुपरव्हायझरच्या कानावरही घातलंयस. मनू, असं करू नकोस.

आधी त्या दिवशीचं सांगतो. "बाबा, मला आईशी दहा मिनिटं एकटीशी बोलायचंय, तुम्ही बाहेर बसाल?" असं म्हणून तू दार लोटलंस. मी बसलो नाही, उभाच होतो. अडतीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. तिच्या खोलीबाहेर असं ताटकळण्याची वेळ याआधी दोनदाच आली होती, दादाच्या वेळी आणि तुझ्या वेळी. आतून तुझा आवाज हळू येत होता, तिचा येत नव्हता. तू बाहेर आलीस आणि मी ओरडलो, "माझी बायको तुझी केस नाही." तू काही बोलली नाहीस. आत जाऊन बॅग भरायला लागलीस. तुझी आजी रागावली की अशीच गप्प कामाला लागायची.

तुझी हिरवी फाइल इथेच राहिलीय. मी ती वाचली, न विचारता. फील्डवर्कच्या वह्या तिच्यात नव्हत्या. त्या तू कुलपात ठेवतेस. फील्डवर्कमध्ये भेटणाऱ्या तुझ्या त्या आजी-आजोबांपैकी एकाचंही नाव आजवर आमच्यापाशी घेतलं नाहीस, याचा मला फार अभिमान वाटतो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

फाइलीत तुझ्या अक्षरात आहे: ज्येष्ठांशी निदान थोडा वेळ एकटं बोलावं. घरचं माणूस शेजारी असलं की एक तर तेच उत्तर देतं, नाही तर म्हातारं माणूस त्याच्या तोंडाकडे बघून बोलतं. खाली जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा लिहिलायस, की समाजात राहणाऱ्या साठीपुढच्या दर सहा जणांमागे साधारण एकाला वर्षभरात कसली ना कसली वाईट वागणूक सोसावी लागते. घर चांगलं की वाईट हे उंबऱ्याबाहेरून कळत नाही, म्हणून दार लोटण्याचा नियम सगळ्या घरांना सारखा. आपल्यालाही. मला हे पटायला चार दिवस लागले.

त्याच फाइलीत आपल्या घरातल्या माणसांचा, त्यांच्या नात्यांचा नकाशा सापडला, पुरुष चौकोनात, बायका गोलात. माझ्या आणि काकाच्या मध्ये तू नागमोडी, म्हणजे बिनसल्याची, रेघ काढलीयस. वर्गात सगळ्यांसमोर दाखवलास का तो? असू दे. रेघ बरोबर आहे.

मग ते दोन तक्ते, रोजची कुठली कामं माणूस आपली आपण करू शकतं ते बघण्याचे. एक कॅट्झ यांचा, 1963 सालचा. अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि हाताने जेवणं, अशी सहा कामं. मी पेन्सिल घेतली आणि आईच्या नावाने सहाही ठिकाणी बरोबरची खूण केली. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, लगेच तुला फोन करावा. मग पान उलटलं. लॉटन आणि ब्रोडी, 1969. आठ कामं. फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशाचे व्यवहार. तिथे मी पेन्सिल खाली ठेवली.

आईबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं ना मी.

तुझ्या शिक्षणाचं बघ. मागे तू सांगितलंस की वर्गात तुम्हाला धूसर काचांचे चष्मे लावले, कानात बोळे घातले, हातांत जाड मोजे चढवले आणि गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून पाकीट उघडायला लावलं. तू चिडलीस आणि पाकीट फेकलंस. मी तेव्हा हसलो होतो. आता रोज सकाळी मला ते आठवतं. माणूस पाकीट फेकतं तेव्हा ते हट्टी झालेलं नसतं, हे विशीतच तुला कळलं. मला पासष्टीत कळतंय. असं शिक्षण कुणी अर्धं टाकून येतं का? म्हाताऱ्यांचं काम नुसत्या मायेने होतं असं लोकांना वाटतं. माया माझ्याकडेही होती, आणि तरी माईआत्याच्या बाबतीत आम्ही काय केलं? ती विहिरीची गोष्ट सुरू करायची आणि आम्ही म्हणायचो, "झाली सांगून, आत्या." दिवसाला दहा वेळा म्हणायचो. पुढे पुढे तिने बोलणंच सोडलं, आणि आम्ही म्हणालो, चला, शांत झाली. तुझ्या फाइलीत बटलर नावाच्या डॉक्टरांबद्दल वाचलं. म्हातारपणी माणूस मागचं उकरून पुन्हा पुन्हा सांगतं तेव्हा ते आपल्या आयुष्याचा हिशोब लावत असतं, त्यात बिघाड काही नाही, असं त्यांनी 1963 मध्येच मांडलं होतं. वय बघून माणसाला कमी लेखण्याला त्यांनीच पुढे 1969 मध्ये नाव दिलं. आत्या गेली तेव्हा तू चौथीत होतीस. तिच्याजवळ बसून "मग काय झालं?" असं विचारणारी आपल्या घरात तू एकटीच होतीस. ती विहिरीची गोष्ट शेवटी कुठे संपायची, हे आज फक्त तुला माहीत आहे.

म्हणून सांगतो, चार भिंतींत एकाच माणसापाशी येऊन बसू नकोस. ज्यांना तुझ्यासारखी मुलगी नाही अशी किती माणसं असतील. आणि तिथे पोटभर झोप. कुणी वारलं तर सुपरव्हायझरला सांग, मनात ठेवू नकोस. सगळ्यांना आपणच वाचवायचं असं डोक्यात घेऊ नकोस. ज्यांना पडण्याची भीती असूनही आपल्याच घरात राहायचंय, त्यांना...

बघ, मी तुलाच तुझा विषय शिकवायला लागलो. माफ कर. हे सगळं तू मला सांगितलेलंच आहे.

किटवुड नावाच्या ब्रॅडफर्डच्या प्राध्यापकांचं एक टिपण आहे. घरची, भल्या मनाची माणसंही विसराळू माणसाला कसं नकळत मोडतात, त्याची यादी. लहान मुलासारखं बोलणं. त्याच्या देखत त्याच्याबद्दल बोलणं. त्याला झेपणार नाही इतक्या घाईने सगळं उरकणं. मी आईची वाक्यं पुरी करतो. तिला शब्द सापडायला वेळ लागतो आणि माझ्याने तो वेळ बघवत नाही. तिची फजिती होऊ नये म्हणून करतोय असं मला वाटायचं. दाराआड तुझ्यापाशी ती बोलली, कारण तू थांबलीस. ती काय बोलली ते मी विचारणार नाही, तूही सांगू नकोस.

खरं ते लिहितो. गोळ्या आठवड्याच्या डबीत मी भरतो, जूनपासून. बँकेचं मी बघतो. दोनदा ती कोपऱ्यावरून परत आली आणि म्हणाली, कंटाळा आला. तुला सांगितलं असतं तर तू शिक्षण सोडून आली असतीस, हीच एक भीती मला होती आणि अजूनही तीच आहे. त्या दिवशी दारात तू सांगत होतीस की विसरण्यामागे थायरॉइड असू शकतं, बी-12 कमी असू शकतं, एखादं औषध, ऐकू कमी येणं, मनाची उदासी, तपासल्याशिवाय नाव द्यायचं नसतं. मी त्यातला फक्त डिमेन्शिया हा शब्द ऐकला.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांकडे जातोय. दिवस आईने ठरवला. आत आधी ती एकटी जाईल, मी बाहेर बसेन. या वेळी बसेन.

तू येऊ नकोस. परीक्षा दे. सुट्टीत ये.

फाइलीच्या मागच्या कप्प्यात झॅरिट यांची बावीस प्रश्नांची, सांभाळणाऱ्यावर किती भार आहे ते विचारणारी यादी होती. वर तू पेन्सिलने "बाबा" लिहिलंयस. ती मी घडी करून ठेवली होती. आता टेबलावर काढून ठेवलीय.

सोबत आठ कामांचा तो तक्ता जोडतोय. काल रात्री आम्ही दोघांनी मिळून भरला. स्वयंपाक आणि फोन या दोन ठिकाणी मी केलेल्या खुणा आईने खोडून स्वतः केल्यात. स्वयंपाकाला मी कमी मार्क दिले होते, तिने वाढवले. फोनचे तिने कमी केलेत. कुणाच्या खुणा बरोबर, ते तूच बघ.

तुझा,
बाबा