‘सर्वसाधारण’ म्हणजे पुरुषांची जागा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरक्षणाच्या सोडतीला शाळकरी मूल बरणीतून चिठ्ठी काढते आणि गावात बातमी पोहोचते की आपल्याकडे ‘महिला पडली’; पुढच्या खेपेला चिठ्ठी बदलली की तीच जागा ‘मोकळी झाली’ म्हणून आनंद होतो. दरड पडावी तसे आमचे आरक्षण पडते! मी एक मुदत राखीव प्रभागातून ग्रामपंचायत सदस्य होते; त्या पाच वर्षांचे काय होते, ते मी जवळून पाहिले आहे.

पहिले वर्ष विषयपत्रिका वाचण्यात आणि न झालेला ठराव इतिवृत्तात कसा येतो हे समजण्यात गेले. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चावा लागतो, तो रस्त्याकडे वळवता येत नाही, हे सभेत ठामपणे सांगण्याइतका धीर यायला आणखी दोन वर्षे लागली. आमच्या सरपंचबाईंच्या डिजिटल सहीचा डोंगल त्यांच्या यजमानांच्या खिशात असे. बाईंनी तो मागून घेतला, तेव्हा चौथे वर्ष संपत आले होते. त्यानंतर वर्षभरातच सोडत झाली, माझा प्रभाग सर्वसाधारण झाला आणि पॅनेलप्रमुख म्हणाले, ‘‘वहिनी, आता थांबा, या वेळी भाऊंना द्यायचंय.’’ सर्वसाधारण जागेवर स्त्रीलाही उभे राहता येते हे त्यांना माहीत होते, मलाही होते. तरी मी थांबले, कारण पॅनेलबाहेर राहून लढण्याइतके पैसे आणि माणसे माझ्याजवळ नव्हती.

पंचायतींत स्त्रियांना देशभर राखीव जागा देणाऱ्या ७३व्या घटनादुरुस्तीच्याही आधी, १९९० मध्ये, महाराष्ट्राने स्त्रियांना ३० टक्के जागा दिल्या आणि २०११ मध्ये त्या ५० टक्क्यांवर नेल्या. त्यामुळे संख्येची तक्रार करण्यात अर्थ नाही. तक्रार आहे ती शिकलेली बाई दर पाच वर्षांनी घरी पाठवण्याची. मुंबई महापालिकेच्या निवडणुकांवरील एका अभ्यासात असे दिसले, की १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेल्या प्रभागांतून आरक्षण उठल्यावर, २००२ मध्ये, तेथे स्त्री निवडून येण्याची शक्यता १९९७ मध्ये राखीव नसलेल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट होती. म्हणजे मतदार एकदा अनुभव घेतल्यावर बाईला नाकारत नाहीत. नाकारतात ते उमेदवारी वाटणारे.

राज्यघटना राखीव जागा आळीपाळीने फिरवण्याविषयी बोलते, परंतु किती वर्षांनी ते सांगत नाही. राज्य सरकारने नियम बदलून एक जागा सलग दोन मुदतींसाठी राखीव ठेवावी. त्यामुळे दुसऱ्या प्रभागातील स्त्रियांना अधिक काळ थांबावे लागेल, हा आक्षेप खरा आहे. पण सर्वसाधारण जागा त्यांनाही खुल्याच आहेत, हे पक्षांनी आणि पॅनेलांनी उमेदवार देऊन दाखवले, तर त्याची धार बरीच बोथट होईल. निदान प्रत्येक निवडणुकीनंतर सर्वसाधारण जागांवर किती स्त्रिया उभ्या राहिल्या आणि किती निवडून आल्या, याचे तालुकानिहाय आकडे राज्य निवडणूक आयोगाने निकालासोबतच ठळकपणे जाहीर करावेत, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक माजी ग्रामपंचायत सदस्य