‘विल्सन’ हे आडनाव नव्हे, माझे नाव आहे

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नवजात बालकांसाठी नावांची यादी आली होती. तीत ‘विल्सन’ या नावापुढे ‘इच्छाशक्तीचा पुत्र’ असा अर्थ छापला आहे. हेच नाव घेऊन मी त्रेसष्ट वर्षे नाशिकच्या शरणपूर भागात राहतो आहे, म्हणून हा अर्थ चुकीचा आहे हे कळवणे मला माझे कर्तव्य वाटते.

या नावातला ‘विल’ म्हणजे इच्छा नव्हे. तो एक माणूस आहे. आपल्याकडे नारायणाचा जसा नारू होतो, तसा इंग्रजीत विल्यमचा विल होतो, आणि त्या विलचा मुलगा तो विल्सन. विल्यम हे नाव मात्र जुन्या जर्मानिक भाषांतल्या दोन शब्दांचे आहे. त्यांपैकी एकाचा अर्थ इच्छा किंवा निर्धार आणि दुसऱ्याचा शिरस्त्राण. म्हणजे इच्छेचा धागा आहे, पण तो बापाच्या नावात आहे, मुलाच्या नव्हे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर हे नाव तिथे घरोघर पोहोचले. एकाच गावात इतके विल्यम झाल्यावर त्यांची मुले बापाच्या घरगुती नावावरून ओळखली जाऊ लागली, आणि पुढे ती ओळखच पिढ्यान्‌पिढ्या चालणारे आडनाव झाली. जॅकचा जॅक्सन आणि वॉल्टर ऊर्फ वॉटचा वॉटसन हे याच घडणीचे. आपण वडिलांचे नाव मधे लिहितो, त्यांनी ते आडनावात गोठवले, एवढाच काय तो फरक.

हे आडनाव पुढे पाळण्यातले नाव कसे झाले, हा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. इंग्लंडच्या खानदानी घराण्यांत सोळाव्या शतकातच आईच्या माहेरचे आडनाव मुलाला पहिले नाव म्हणून दिल्याची उदाहरणे सापडतात. नऊ दिवसांची राणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेडी जेन ग्रे हिच्या नवऱ्याचे नाव गिल्डफर्ड डडली होते, आणि गिल्डफर्ड हे त्याच्या आईचे माहेरचे आडनाव. विन्स्टन चर्चिल यांच्या नावाचा उगमही असाच आहे. १६२० मध्ये जन्मलेल्या त्यांच्या पूर्वजाची आई माहेरची विन्स्टन होती, म्हणून मुलगा विन्स्टन झाला आणि ते नाव घराण्यात राहिले. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या नावात तर दोन्हीकडे आडनावेच आहेत, कारण त्यांची आई माहेरची वुड्रो. लग्नानंतर बाईच्या माहेरचे नाव पुसले जाते, ते त्या घरांनी मुलाच्या हाकेत जिवंत ठेवले, याचे मला फार अप्रूप वाटते. नाशिककरांना १९०९ मध्ये विजयानंद नाट्यगृहात मारला गेलेला कलेक्टर जॅक्सन आठवतो, पण त्याचे पूर्ण नाव आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन होते हे फारसे कोणी लक्षात ठेवत नाही. मधली दोन्ही मुळात आडनावेच. त्यांतला मेसन म्हणजे दगडी बांधकाम करणारा गवंडी.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांकडे ही नावे आली ती माहेरच्या वाटेने नव्हे, आदराच्या वाटेने. स्कॉटलंडहून १८२९ मध्ये मुंबईला आलेले मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी काढलेल्या शाळेतून पुढे गिरगाव चौपाटीसमोरचे विल्सन कॉलेज उभे राहिले. माझे वडील तिथे दोन वर्षे शिकले, पैशांअभावी परत आले, आणि पहिल्या मुलाला त्यांनी ते नाव दिले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी धर्मांतरानंतरही आपले मराठी नाव सोडले नाही, त्याचा मला अभिमान आहे. पण वडिलांच्या या निवडीलाही मी तेवढाच मान देतो. पत्नी मला ‘विल्सनराव’ म्हणते, गल्लीतली मुले ‘विल्सनकाका’ म्हणतात, त्यामुळे हे नाव आता मराठीच झाले आहे.

गेल्या वर्षी निवृत्तिवेतनाच्या कामासाठी एका कार्यालयात अर्ज भरला. आपल्या पद्धतीप्रमाणे पहिला रकाना आडनावाचा. मी त्यात माझे मराठी आडनाव लिहिले होते. खिडकीवरच्या मुलाने ‘काका, तुम्ही उलटं लिहिलंय’ म्हणत व्हाइटनर लावला, त्यावर फुंकर घातली आणि विल्सन पहिल्या रकान्यात नेले. मी सांगत होतो, पण माझ्या मागे रांग होती आणि संगणकावर नोंद झालेली होती. तेव्हापासून माझे नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे आहे. प्रतिज्ञापत्र करून झाले, चार फेऱ्या झाल्या, दुरुस्ती अजून व्हायची आहे. आमच्या भागातल्या स्टॅन्ली आणि नेल्सन नावाच्या माणसांनाही हाच अनुभव आलेला आहे.

त्यामुळे दोन विनंत्या आहेत. आपल्या पुरवणीत ‘विल्सन’चा अर्थ ‘विल्यमचा मुलगा’ असा दुरुस्त करून छापावा. आणि अर्ज घेणाऱ्या कर्मचाऱ्यांनी माणसाने ज्या रकान्यात जे लिहिले असेल ते खोडण्यापूर्वी त्याला एकदा विचारावे.

आपला नम्र,
विल्सन
शरणपूर, नाशिक