समुद्र उतरला की जमीन उठली?

ध्रुवीय बेटांजवळ समुद्र मागे हटल्याचा दाखला देत समुद्रपातळीवाढीवर शंका घेणारा रविवार पुरवणीतला लेख वाचला. दाखला खरा, निष्कर्ष मात्र चुकला. आमच्या गल्लीतल्या भिंतीवर २०१९ च्या पुराची मातकट रेघ अजून आहे. भिंत जागची हलत नाही, म्हणून पंचगंगा किती चढली ते कळते. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटसमूहात भिंतच वर येते! हिमयुगातल्या बर्फाचे ओझे उतरल्यावर तिथली जमीन उचलली गेली. त्यातल्या कोंग्सोया बेटावरचे जुने किनारे आज सुमारे १०० मीटर उंचीवर आहेत. तिथल्या देवमाशांच्या हाडांचे आणि सैबेरियातून वाहत आलेल्या ओंडक्यांचे वय कार्बन-१४ ने (काळानुसार घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनने) काढून जमीन उठण्याचा वेग ठरवतात. तो वजा केल्याशिवाय समुद्राचा हिशेब लागत नाही.

– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर