कप बाहेरगावी, हिशेब कुलपात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी ठणकावून लिहिले होते की मुंबई क्रिकेटची, इथे फुटबॉल क्लब रुजायचा नाही. त्या पत्राने दोन दिवस झोप घालवली म्हणून हे लिहितो. वय त्रेसष्ट, राहणार नायगाव. तरुणपणी नऊ मोसम आमच्या चाळीच्या क्लबाकडून लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळलो. इंडियन सुपर लीगमधली आपली टीम मुंबई सिटी 2014 साली सुरू झाली तेव्हापासून तिच्या घरच्या सामन्यांना जातो, आधी नेरुळला डी. वाय. पाटीलवर आणि 2016 पासून अंधेरीला.

रुजत नाही म्हणता? रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा 1891 पासून याच शहरात भरत होता, 2000-01 मध्ये शेवटचा झाला. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारणारे नेव्हिल डिसोझा मुंबईचे. इथल्याच महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि चारच वर्षांनी, 2010 मध्ये, टीम बंद. मुंबई एफसी 2007 मध्ये उभी राहिली, 2017 मध्ये खालच्या श्रेणीत घसरली आणि तिथेच गुंडाळली गेली. तिला सात वर्षे आय-लीगमध्ये (त्या राष्ट्रीय लीगचेच पुढचे नाव) टिकवून धरणारे खालिद जमील तिला सोडल्यावर पुढच्याच मोसमात मिझोरमच्या ऐझॉलला घेऊन लीग जिंकले, आणि 2025 मध्ये ते देशाच्या संघाचे कोच झाले. माणूस इथलाच, कप मात्र ऐझॉलला गेला! रुजत नाही असे नव्हे, साहेब. रोप लावणाराच मूड बदलला की उपटून नेतो.

मुंबई सिटीचेच घ्या. परदेशातल्या सिटी ग्रुपने 2019 मध्ये 65 टक्के हिस्सा घेतला तेव्हा आमच्या स्टँडमध्ये पेढे वाटले गेले, दोन मीही खाल्ले. 8 डिसेंबर 2025 ला सुपर लीग चालवणाऱ्या कंपनीचा भारतीय फुटबॉल महासंघाशी असलेला करार संपला. त्या साली नेहमीच्या वेळेला मोसम सुरूच झाला नव्हता, आणि महिनाअखेर सिटी ग्रुपने आपला हिस्सा सोडला. त्यांना दोष देत नाही. त्यांचा धंदा आहे, त्यांनी तो पाहिला. पण पुढे काय, हे अकरा वर्षे गळा फाडणाऱ्या आम्हाला कुणी विचारलेही नाही आणि सांगितलेही नाही. मला ते मोबाइलवरच्या बातमीतून कळले, डाळ कुकरला लावताना.

आता आमच्या गल्लीतले गणपती मंडळ बघा. ते यातल्या प्रत्येक क्लबापेक्षा जुने आहे. त्याला मालक नाही. पावतीपुस्तक आहे, आणि विसर्जनानंतर तिठ्यावरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेला जमाखर्च आहे: हार-फुले इतके, मांडव इतका, शिल्लक इतकी. एका वर्षी 340 रुपयांचा मेळ बसेना म्हणून सर्वसाधारण सभा रात्री दीडपर्यंत चालली आणि खजिनदार रडायचा बाकी राहिला. तेव्हा मीही वैतागलो होतो. पण त्या 340 रुपयांसाठी भांडणारी माणसे आहेत म्हणूनच मंडळ आहे. फुटबॉल क्लबात ही सोय का नसावी? जर्मनीत क्लबाची निम्म्याहून एक जास्त मते सभासदांकडे राहतील असा नियम आहे. बार्सिलोनाचा अध्यक्ष सभासद निवडतात. एवढे लांबही जायला नको. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा हे संघ पेठांचे आहेत, शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्याला जागा मिळवायला धडपडावे लागते. तिथे मारामाऱ्याही होतात, ते मला माहीत आहे आणि पटत नाही. पण पेठेचा संघ कुणी विकून टाकला असे मी ऐकलेले नाही.

मी म्हणतो, निदान दहा टक्के हिस्सा प्रेक्षकांना सभासद वर्गणीवर द्या. संचालकांत आमचा एक माणूस बसवा. वर्षातून एकदा हिशेब वाचून दाखवा. आम्ही परदेशी स्ट्रायकर कोण आणायचा हे सांगायला येणार नाही (मी येईन, पण मला गप्प करता येते).

क्लब चालवणे म्हणजे काय ते मी चाळीत पाहिले आहे. आमच्या क्लबाकडे अकरा हिरव्या जर्सींचा एकच संच होता, बाराव्या खेळाडूला बदली होताना मैदानातच अंगातली काढून मिळायची. क्रॉस मैदानावर पावसात सामना झाला की सगळ्या जर्सी चिखलाने लडबडून एका गोणपाटात भरून आमच्या खोलीत यायच्या. आई नळाला पाणी असेपर्यंत त्या धुवायची आणि गॅलरीच्या कठड्यावर नंबराने वाळत घालायची. एकपासून अकरापर्यंत ओळीने, आमच्या दारापासून पार जिन्यापर्यंत. चाळीतल्या बायका येता-जाता बघायच्या. एकदा सात नंबर दिसेना, तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या चाळीला ठाऊक की राइट विंगर जर्सी घालून मुलगी बघायला गेलाय. सेक्रेटरी, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर म्हणाले, "पोरा, लग्न तुझं, जर्सी क्लबाची. काढ." अण्णा गिरणीतून सुटून थेट मैदानावर यायचे, पिशवीत लिंबे, मीठ आणि गोलची जाळी. त्यांनी क्लबाच्या पैशातून स्वतःसाठी चहादेखील घेतला नाही, आणि घेतला असता तर आम्ही विचारले असते.

खेळण्याबद्दलही दोन शब्द, लेफ्ट बॅकच्या अधिकाराने. पास चुकल्यावर हात पसरून जोडीदाराकडे बघणारा खेळाडू मला आवडत नाही. आमच्या वेळी पाणी पिऊन जड झालेल्या चामड्याच्या बॉलला हेडर मारला की रात्रभर मान दुखायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मारायचा, कारण मागे गोलकी एकटा असायचा. म्हणून मला राहुल भेके आवडतो. मुंबईचा पोरगा, आणि बचावपटू. 2022 च्या एप्रिलमध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबाविरुद्ध त्याच्या हेडरने मुंबई सिटी 2-1 जिंकली. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबाचा तो पहिला विजय. त्याच भेकेने त्याआधी, मार्च 2019 मध्ये, बंगळुरूकडून खेळताना अंधेरीच्याच मैदानावर सुपर लीगच्या फायनलचा एकमेव गोल मारला होता. म्हणजे आमच्या मैदानावर कप उचलला तो आमचाच मुलगा, पण दुसऱ्याच्या जर्सीत! 2024 मध्ये तो पुन्हा बंगळुरूला गेला.

मुंबई सिटीने चार मोठी बक्षिसे मिळवली. 2021 ची शिल्ड (साखळीत पहिले आल्याची) आणि कप (फायनल जिंकल्याचा) गोव्यात, करोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये. फायनलच्या शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल मारला तेव्हा मी घरी टीव्हीसमोर एवढा ओरडलो की शेजारच्या वहिनी ऑक्सिमीटर घेऊन आल्या. 2023 ची शिल्ड पुन्हा गोव्यात पक्की झाली, 2024 चा कप कोलकात्यात, भेकेच कप्तान. चारही वेळा बाहेरगावी. अंधेरीच्या प्रेक्षकाने आपली टीम कप जिंकताना एकदाही मैदानावर डोळ्यांनी पाहिलेली नाही. त्यात सामने संध्याकाळी साडेसातला, कामाच्या दिवशी. आझाद नगर मेट्रोला उतरून पोरेबाळे घेऊन आलेला बाप सत्तराव्या मिनिटाला घड्याळ बघायला लागतो. वेळ टीव्हीवाले ठरवतात असे ऐकतो. ठरवोत बापडे, पण जेमतेम सात-आठ हजारांच्या स्टेडियममध्ये रिकाम्या खुर्च्या दिसतात त्याला "मुंबईकरांना आवड नाही" हे उत्तर देऊ नये. सौदी अरेबियाची अल हिलाल नेरुळला आली तेव्हा तिचा नेमार जखमी आहे हे माहीत असूनही त्याचे पोस्टर घेऊन आलेली पोरे मी पाहिली आहेत. आपण 0-2 ने हरलो, आणि ती पोरे शेवटपर्यंत बसली होती.

आता घरचे दुखणे. माझा भाचा वीस वर्षांचा, शहरातल्या एका लहान क्लबाकडून खेळतो. मोसमाच्या आधी त्याच्याकडून नोंदणी आणि किटचे म्हणून 4,000 रुपये घेतले, पावती नाही. ऑगस्टमध्ये चिखलात पाय अडकून गुडघ्याचे लिगामेंट गेले. विमा काढला आहे असे सांगितले होते, कागद मागितला तर "मामांना मध्ये आणू नकोस" असा निरोप आला. एमआरआयचे 7,500 आम्ही भरले. क्लबातून कुणी तब्येत विचारायलाही आले नाही, फक्त जर्सी परत मागायला एक मुलगा आला. भाच्याने ती धुऊन, घडी करून दिली. पुढच्या मोसमाला दुसरीकडे जाऊ म्हणतो तर ना-हरकत पत्र देत नाहीत.

मोठ्या क्लबाचा मालक बदलला की निदान बातमी तरी होते. या लहान क्लबांची बातमी होत नाही, म्हणून आपल्या क्रीडा प्रतिनिधींना विनंती की एकदा मैदानावर येऊन खेळाडूंना एवढेच विचारावे: पावती आहे का, विम्याचा कागद आहे का. कुठल्या रविवारी यायचे ते मी कळवीन. लिंबे मी आणतो.

आपला,
एक लेफ्ट बॅक, नायगाव

ता. क. नाव कृपया छापू नये. भाच्याचे ना-हरकत पत्र अजून त्यांच्याच कपाटात आहे.