गच्चीवरच्या वाफ्याविषयी मित्रास पत्र

पुणे,
१८ जानेवारी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या शाळेच्या गच्चीवर मुलांकडून भाजीचा वाफा करून घ्यायचा आणि त्यातून गणित व चित्रकला शिकवायची, हा तुझा बेत वाचून आनंद झाला. कोथरूडला आमच्या सोसायटीतल्या सहावी-सातवीच्या मुलांबरोबर लाकडी पेटीचा हाच खटाटोप मी नुकताच केला, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले सांगणे असे की, आधी गणित उरकून शेवटी ‘आता रंगवा’ असे करू नकोस. दोन्ही एकाच आलेखकागदावर चालू दे. प्रत्यक्षातल्या १० सेंमीसाठी कागदावर १ सेंमी धरले आणि अट एवढीच घातली की, पेटीची बाहेरची परिमिती ३६० सेंमी असावी. मुलांनी निरनिराळे आयत काढले. १५० बाय ३० च्या पेटीचे क्षेत्रफळ ४,५०० चौरस सेंमी भरले, १२० बाय ६० चे ७,२०० आणि ९० च्या चौरसाचे ८,१००. सूत्रे तोंडपाठ असलेल्यांनाही हे खरे वाटेना, तेव्हा त्यांनी चौकटी मोजून खात्री करून घेतली. एका मुलीने आपल्या मंडईच्या मनोऱ्यासारखा अष्टकोन काढला. त्याचे क्षेत्रफळ ९,७०० च्या वर गेले आणि तिचा आग्रह वाढला, पण आमच्या सुतारकाकांनी विचारले, “फळीचे टोक किती अंशांत कापू?” आठ कोपऱ्यांसाठी ते साडेबावीस अंश येते, हे तिने स्वतः शोधले आणि मग बेत आपणच सोडून दिला. (मला तो अष्टकोन फार आवडला होता, हे खासगीत सांगतो.)

चौरसही शेवटी टिकला नाही. पेटी कठड्याला लागून ठेवायची, म्हणजे एकाच बाजूने हात घालता येणार. मुलांनी आपापले हात टेपने मोजले तर ६० सेंमीच्या पुढे कोणाचाच हात सुखाने पोहोचेना. सर्वांत मोठे क्षेत्रफळ बाजूला ठेवून १२० बाय ६० ची पेटी निवडताना जो वाद झाला, तेवढा वाद मी गणिताच्या तासाला कधी ऐकलेला नाही.

मातीचा हिशेब मात्र जपून करून घे. पेटीची उंची ३० सेंमी धरली, तर बाहेरच्या मापाने २१६ लिटर येतात. पण फळी अडीच सेंमी जाडीची असल्यामुळे आतली जागा ११५ बाय ५५ उरते आणि माती १९० लिटरच्या आसपास लागते. ओल्या मातीचा एक लिटर साधारण दीड किलो भरतो, म्हणजे वजन पावणेतीनशे किलोंच्या पुढे जाते. म्हणून वजन कमी व्हावे यासाठी आम्ही कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत भरपूर मिसळले, आणि पेटी तुळईच्या वर येईल अशी ठेवली. तूही जागा ठरवण्यापूर्वी इंजिनिअरला विचार. पेटी काटकोनात बसली की नाही, हे पाहायला गुण्या आहेच. पण दोन्ही कर्ण दोरीने मोजून सारखे आले, हे मुलांना जास्त पटले.

चित्रासाठी मुलांनी वारली शैली निवडली. त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन एवढ्यावरच ती उभी असल्यामुळे भूमिती निराळी शिकवावी लागत नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे धड तयार होते. जिव्या सोमा म्हसे यांना याच कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली, हे सांगितल्यावर त्यांची चित्रे मुले बराच वेळ न्याहाळत राहिली. खरी गंमत किनारीत झाली. नाचणाऱ्या माणसांची रांग चारी बाजूंनी अखंड फिरायला हवी होती, पण १६ सेंमी रुंदीचे चित्र १२० मध्ये साडेसात वेळा बसते, म्हणजे कोपऱ्यावर माणूस अर्धा कापला जातो. तेव्हा १२० आणि ६० या दोहोंचे विभाजक काढून १५ सेंमी ठरले: लांब बाजूला ८, आखूड बाजूला ४, एकूण २४ माणसे. मसाविचा तास रटाळ वाटणारी मुले त्या दिवशी विभाजकांवरून भांडत होती. गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाचे पांढरे रेखाटन पावसात टिकले नसते, म्हणून ॲक्रिलिक वापरले.

आत मेथी आणि लाल माठ आळीपाळीने लावले आहेत, आणि उंच वाढणारा झेंडू कठड्याच्या बाजूला आहे.

फळ्या इतक्यात घेऊ नकोस. आधी तुझ्या गच्चीचे माप आणि तुळया कोठे आहेत ते कळव. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मी तुझ्याबरोबर येईन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक