हायवे १७ वरच्या त्या रात्रीनंतर

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, रात्री

चि. ओम,

अनेक आशीर्वाद.

दुपारी तू फोन ठेवलास. माझा आवाज चढला होता आणि तोही रोहितसमोर. ते चुकलंच माझं. तो बिचारा तुझं कौतुक करत होता. “काकू, आम्ही सगळे फुल होतो, ओमने दोनच आयपीए बिअर घेतल्या होत्या, त्यानेच आम्हाला सांताक्रूझहून सॅन होजेला आणलं.” त्याला वाटलं, मला बरं वाटेल. मला मात्र फक्त हायवे १७ दिसला. डोंगरातली ती वळणं, बाजूची सिमेंटची भिंत, मध्यरात्र, आणि तुझ्या गाडीत दुसऱ्यांची तीन मुलं.

झालं ते झालं, आता पुन्हा तो विषय काढणार नाही. पण कोर्टात दुभाषी म्हणून जे मी लोकांना त्यांच्या भाषेत समजावते, ते घरच्या मुलाला कधी नीट बसून सांगितलं नाही. न्यू जर्सीचं मला पाठ आहे, कॅलिफोर्नियाचं तू तिकडे गेलास तेव्हापासून वाचून ठेवलंय. एकदाच लिहिते.

आधी तुझ्या त्या ‘दोन’चं. डॉक्टरांच्या हिशोबात इथे एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १२ औंसांची पाच टक्क्यांची बिअर, ५ औंस वाइन किंवा दीड औंस व्हिस्की, तिन्ही सारखीच. आयपीए साडेसात टक्क्यांची असेल आणि ग्लास १६ औंसांचा, तर गुणाकार कर. एका ग्लासात दोन ड्रिंक्स. म्हणजे तुझ्या पोटात चार होती. शरीर ती संपवतं ठरलेल्या चालीने, रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण ०.०१५ टक्क्यांनी उतरतं. कॉफी, गार पाणी, वर खाल्लेले टाको, उघडी खिडकी, कशानेही ती चाल वाढत नाही. शिवाय शेवटचा ग्लास संपल्यावर अर्धा ते दीड तास रक्तातला आकडा चढतच असतो. म्हणजे टेबलावरून उठताना जो ठीक असतो, तो घाटाच्या मध्यावर जास्त प्यायलेला असतो. ओम, नेमका घाटाच्या मध्यावर.

तू म्हणालास, “आई, मी ०.०८ च्या खालीच होतो.” ती रक्तातल्या अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा, मान्य. पण कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याच्या २३१५२ कलमात दोन वेगळे गुन्हे आहेत. एक, दारूच्या अमलाखाली गाडी चालवणं, त्याला आकडा लागतच नाही. दुसरा, ०.०८ किंवा जास्त. गाडी लेनबाहेर गेली, बोलताना जीभ अडखळली, तर ०.०६ वरही पहिला लावता येतो. आणि आपल्याकडे न्यू जर्सीत हे ट्रॅफिकचं प्रकरण धरतात. म्युनिसिपल कोर्ट, ज्युरी नाही, क्रिमिनल रेकॉर्ड नाही. अर्थात तेही स्वस्त नाही. पहिल्याच वेळी दंडाशिवाय वर्षाला हजार डॉलर सरचार्ज, सलग तीन वर्षं. तिकडे मात्र तो सरळ फौजदारी गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड ३९० ते १,००० डॉलर असं कलमात लिहिलंय, पण त्यावर चढणारे अधिभार धरले की तो कित्येक पट होतो. कमाल सहा महिने कैद, तीन ते पाच वर्षं प्रोबेशन, पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीचा तीन महिन्यांचा वर्ग, आणि आकडा ०.२० किंवा जास्त असला तर नऊ महिन्यांचा. इन्शुरन्सची चांगल्या ड्रायव्हरची सवलत दहा वर्षं जाते. आणि गुन्हा कबूल करताना एक मजकूर ऐकवून सही घेतात. १९८१ च्या एका खटल्यावरून त्याला वॉटसन म्हणतात. यापुढे पिऊन गाडी चालवताना कोणी मेलं, तर तुमच्यावर खुनाचा आरोप लागू शकतो, असं त्यात साध्या शब्दांत लिहिलेलं असतं.

लायसन्सचं वेगळंच चाक फिरतं आणि लोक तिथे सर्वात जास्त फसतात. अटक झाली की पोलीस कॅलिफोर्नियाचं लायसन्स काढून घेतात आणि हातात एक गुलाबी कागद देतात. तो ३० दिवस चालतो. त्याच दिवसापासून दहा दिवसांत डीएमव्हीकडे, म्हणजे लायसन्सच्या खात्याकडे, सुनावणी मागायची असते. न मागितली तर तिसाव्या दिवसानंतर चार महिन्यांची बंदी आपोआप सुरू होते, कोर्टाची तारीख लागो न लागो. लोकांना वाटतं, कोर्टात बघू. कोर्ट वेगळं, डीएमव्ही वेगळं. आणि तुझ्याकडे अजून न्यू जर्सीचंच लायसन्स असेल तर ते आधी बदल. तिथे राहायला गेल्यापासून दहा दिवसांत बदलायचं असतं, तू गेलास जूनमध्ये. जुनं ठेवलं म्हणून सुटका नाही. तिकडची शिक्षा इकडे कळवली जाते आणि आपलं राज्यही बंदी घालतं.

कधी थांबवलंच तर काय करायचं, तेही लिहिते. लिहिताना हात जड होतोय, पण लिहिते. दोन्ही हात स्टीअरिंगवर. नाव, लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स द्यायचं. किती प्यायलास याचं उत्तर देणं बंधनकारक नाही, नम्रपणे नाही म्हणायचं. खोटं बोलायचं नाही. अटकेच्या आधी रस्त्यावर हातातल्या छोट्या यंत्रात फुंकायला सांगतात. २१ पूर्ण झालेल्या माणसाला, पिऊन गाडी चालवल्याच्या प्रोबेशनवर नसेल तर, ते नाकारता येतं. नऊ पावलं सरळ रेषेत चालणं, एका पायावर उभं राहणं, हेही. पण अटकेनंतरची श्वासाची किंवा रक्ताची चाचणी नाकारायची नाही. ती नाकारली की पहिल्याच वेळी एक वर्ष लायसन्स जातं आणि नकार कोर्टात तुझ्याच विरुद्ध वापरतात. त्या क्षणी वकिलाला विचारून सांगतो, असं म्हणायची सोय तिथे नाही. चाचणी झाल्यावर मात्र वकील येईपर्यंत गप्प. आणि वकिलाला पहिलं वाक्य हेच सांगायचं की मी व्हिसावर आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या पडिला निकालापासून, गुन्हा कबूल केल्याने इथे राहण्यावर काय परिणाम होईल हे अशिलाला सांगणं वकिलावर बंधनकारक आहे.

हे मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण माझी झोप यानेच उडाली आहे. तू इथे साडेतीन वर्षांचा असताना आलास. तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना जे नागरिकत्व आपोआप मिळालं, ते तुझ्या हातात नाही. बाबांची ग्रीनकार्डाची रांग संपायच्या आत तू २१ चा झालास आणि त्या रांगेतून बाहेर पडलास. मुंबईहून आणलेला एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचा शिक्का आणि शिक्षणानंतर काही काळ काम करू देणारं ओपीटीचं कार्ड, एवढ्यावर तू उभा आहेस. नोव्हेंबर २०१५ पासून परराष्ट्र खात्याचं धोरण असं आहे की पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द करता येतो. शिक्षा नाही, अटक. केस नंतर सुटली तरी. एक ईमेल येतो, बस. इथलं राहणं लगेच संपतंच असं नाही, पण एकदा बाहेर गेलास की नवा व्हिसा मिळेपर्यंत परत येता येत नाही. आणि त्यासाठी मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत गेलास की ठरलेल्या डॉक्टरांकडे तपासणीला पाठवतात, दारूचा आजार आहे का ते बघायला. फॉर्मवर ‘कधी अटक झाली आहे का’ हा प्रश्न जन्मभर राहतो.

फेब्रुवारीत वाईला आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. तिने तुझ्यासाठी सोवळं काढून ठेवलंय, दर फोनला विचारते ओम येणार ना. त्या एका रात्री घाटात मागे पोलिसांचे दिवे लागले असते, तर मी तिला काय सांगितलं असतं?

बघ, पुन्हा काढला विषय. आणि पुन्हा लेक्चर झालं. माफ कर. मला खरं तर वेगळंच सांगायचं होतं. कपाट आवरताना तुझी ती लाल स्टिकर्स सापडली, वेल्क्रोसकट. एकवीसच्या आतल्या नव्या ड्रायव्हरने दोन्ही नंबरप्लेटवर लावायची ती चार डॉलरची जोडी. मित्र हसतात म्हणून तू ती शाळेच्या कोपऱ्यावर काढायचास आणि घरी येताना परत लावायचास. बाबांना माहीत होतं. ते मला म्हणाले होते, “पण काढण्याआधी गाडी नीट कडेला घेतो, इंडिकेटर देतो.” मेट्रोपार्कच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तुला पॅरलल पार्किंग शिकवताना त्यांनी किती रविवार घालवले! तू गाडी चांगली चालवतोस, हे मला माहीत आहे. मित्रांना तिथे टाकून आला नाहीस, याचा अभिमानही आहे. पण त्या रात्री चांगले हात उपयोगाचे नव्हते.

टॅक्सीला किती का लागेनात, बाबांच्या कार्डावर टाक, कोणी विचारणार नाही. गाडी तिथेच राहू दे, टो झाली तर झाली. भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटरही नको, पिऊन ती चालवणं हाही तिथे गुन्हा आहे. सकाळचंही लक्षात ठेव. रात्री एकला ०.१५ असेल तर सातला अजून ०.०६ असतं, ऑफिसला निघायच्या वेळी. आणि डिसेंबरात तुम्ही युटाला स्कीइंगला जाताय ना, तिथे मर्यादाच ०.०५ आहे, २०१८ च्या ३० डिसेंबरपासून. तिकडे गाडी कोण चालवणार हे निघायच्या आधी ठरवा आणि त्याने एक थेंबही घ्यायचा नाही. तो तूच असलास तर मला चालेल.

तुझ्याकडे रात्रीचा एक वाजतो तेव्हा इथे चार वाजलेले असतात. मी पाचला उठतेच. घरी कसं जाऊ, असा प्रश्न पडला तर त्याही वेळी फोन कर. तेव्हा मी एक शब्द बोलणार नाही, फक्त टॅक्सी येईपर्यंत फोनवर थांबेन.

रोहितला सांग, काकू त्याच्यावर रागावलेली नाही. पत्र मिळालं की एक ओळ टाक.

तुझी,
आई